‘कुठं’ म्हणून विचारू नये

ये गं, अशी जवळ ये. फोन खिडकीत टेकवून ठेवायचा, तिकडं भांडी घासायची आणि मधूनमधून आजीकडं बघून मान हलवायची, ही कुठली बोलायची रीत? परवा व्हिडिओ लावलास तर मला निम्मा वेळ तुझं कपाळ आणि छतावरचा दिवा तेवढा दिसला. गुडघा कसा आहे, गाय व्याली का, आई गोळ्या घेते का, एवढं सगळं विचारून झालं आणि मग मध्येच म्हणालीस, “आजी, मी निघाले तेव्हा तू एकदा तरी विचारलंस का मला, कुठं चाललीस, का चाललीस? माझा राग आला होता ना तुला?” आणि मी तोंड उघडायच्या आत ड्युटीची वेळ झाली म्हणून ठेवलास फोन. असं करतात व्हय? म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर एवढा मोठा धोंडा टाकायचा आणि फोन ठेवायचा?

आता बस. मोबाइल पालथा ठेव. नाही, पालथा नको, त्यातच वाचायचंय तुला. मी हे वहीत लिहितेय आणि पानांचे फोटो काढून धाडणार आहे. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि मला रडू आलं की लगेच हवापाण्याचं काढतेस. वहीपुढं तुला दोन्ही जमायचं नाही. अक्षर लागलं नाही तर सोडून पुढं पळू नकोस, पुन्हा वाच. माझी शाळा तुला माहीतच आहे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, तेव्हा बाईंनी भिंतीवर लावलेल्या तक्त्यावरून पोरांच्या आधी मीच अक्षरं शिकले, आणि पोरांना वाटायचं मी त्यांना शिकवतेय. डोक्यावरची रेघ अजून वाकडीच येते. तू पाच वर्षांची असताना मला म्हणाली होतीस, आजी, तुझी अक्षरं पावसात भिजल्यासारखी दिसतात.

तर, राग. राग नव्हता. काय होतं ते सांगायला मला त्या सर्व्हेच्या दिवसांपासून सांगावं लागेल. तुला त्यातला एकच रविवार माहीत आहे. आणि त्या रविवारातलंसुद्धा अर्धंच.

ती मॅडम पुण्याहून आली होती, कुठल्याशा संस्थेची. बारामतीत खोली घेऊन राहिली होती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली काही गावं तिच्या वाट्याला, आणि काम काय, तर दारोदार जाऊन विचारायचं की तुमचा परदेशात जाऊन राहायचा विचार आहे का, आणि असला तर का. लोकांचं मत घ्यायचं, टॅबमध्ये भरायचं, पुण्याला पाठवायचं. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, आणि पायात असले नाडीचे बूट की प्रत्येक ओसरीवर चढताना सोडायला आणि उतरताना बांधायला तिचा अर्धा दिवस जायचा. आपल्या कळसमध्ये पहिल्या दिवशी तिला तिघांनी लाइटवाली समजून मीटर दाखवला. एकीनं तर रेशन कार्डात नाव घाला म्हणून सुनेचं आधार कार्डच तिच्या हातात ठेवलं. बिचारी दिवसभर हिंडून ग्रामपंचायतीच्या पायरीवर येऊन बसली, तेव्हा तिथं कुणीतरी तिला सांगितलं, “अंगणवाडीच्या म्हातारीला घ्या बरोबर. अर्ध्या गावाचं नाक पुसलंय तिनं. तिला कोण न्हाय म्हणायचं न्हाय.”

मलाही रिटायर झाल्यापासून घरात करमत नव्हतं. गेले. वरकुटं माझं माहेर, पणदऱ्याला बहिणीचं घर, म्हणजे तिच्या यादीतली तीन गावं माझ्या पायाखालची. दुसऱ्या दिवशी मी तिला आधी बारामतीच्या बाजारात नेलं आणि साध्या चपला घ्यायला लावल्या. काम तिथून सुरू झालं असं समज.

माझं काम म्हणजे ओळख सांगायची, आणि मग बाकीची माणसं उठवायची. तिच्या कामाचा नियमच तसा होता. काही घरं सोडून एक घर धरायचं, त्या घरातल्या मोठ्या माणसांची नावं टॅबमध्ये घालायची, आणि टॅब ज्याचं नाव काढेल त्यालाच विचारायचं. विचारताना शेजारी दुसरं कुणी बसलेलं नको. आता तूच सांग, आपल्याकडं सुनेला काही विचारायला पुण्याहून माणूस आलंय म्हटल्यावर सासू जागची हलेल?

“तिला काय इचारताय? तिला काय कळतंय? मला इचारा, मी सांगते,” असं एकजण म्हणाली. ओसरीच्या मधोमध पाय पसरून बसलेली.

मी म्हटलं, “तुला सगळं कळतं गं, म्हणूनच तुला विचारायचं न्हाय. चल, तुझी गाय दाखव.”

“गाय काय पळून चाललीय व्हय?”

“गाय न्हाय. पण सून चाललीय का, तेच तर विचारायचंय त्यांना.”

हसली आणि उठली. अशा मी किती सासवा उठवल्या. कुणाची कालवड बघितली, कुणाच्या लोणच्याला बुरशी कशानं धरली ते बघितलं, एकीच्या तर मोडक्या चुलीपुढं निम्मा तास बसले. मागं ओसरीवर सून हळू आवाजात काय सांगायची ते मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. मला आपलं त्यात मोठं पुण्य केल्यासारखं वाटायचं. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

वरकुट्यात माझ्या भावाच्या शेजारचं घर निघालं. त्या घरात तीन लेक, तिघं बिनलग्नाचे. नाव आईचं निघालं. घरातल्या बाकीच्यांविषयीही फॉर्मात एक प्रश्न होता, तो यायचाच अवकाश.

“लिव्हा, तिघंबी जाणार,” ती म्हणाली. “थोरला दुबईला. मधला दुबईला.”

“आणि धाकटा?” मॅडमनं विचारलं.

“त्यो बी दुबईलाच. एकटा कशाला ठिवायचा?”

“पासपोर्ट काढलेत का?”

“ते काढायला काय, आज म्हणलं तर उद्या.”

गोठ्यातनं थोरला दुधाचं कॅन घेऊन येत होता. तो म्हणाला, “आये, इंदापूरला जातो म्हणलं तर धारंला कोण बसंल म्हणतीस, आन् दुबईला धाडतीस व्हय?”

“तू गप रं! मोठी माणसं बोलत्यात.” आणि तिनं कपाटातून तीन बायोडाटा काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले, आणि मॅडमच्या मांडीवर ठेवले. “तुमच्या पाव्हण्यारावळ्यात कुणी पोरगी असली तर बघा, मॅडम. परदेशात जाणार हाय म्हणून सांगा. शेती करतो म्हणलं की पोरीचा बाप हातातला चहाचा कप खाली ठिवतो.”

मॅडमनं बायोडाटा घेतले. टॅबमध्ये काय दाबलं? जायचा विचार आहे, होय. सांगितलं ते लिहायचं, असा त्यांचा धर्म. तिला तरी काय दोष द्यायचा.

त्याच आठवड्यात आम्ही पणदऱ्याला गेलो. तिथं बहिणीच्या आळीत ठिबकच्या नळ्या आणि फिटिंगचं एक दुकान आहे. दुकानदार मुसलमान, माझ्या बहिणीच्या घरातलाच म्हण, लहानपणापासून मला मावशी म्हणतो. मॅडमनं विचारलं तर तो घाईनं म्हणाला, “न्हाय न्हाय. आमच्यातलं कुणी न्हाय.”

“मुलगा वगैरे?”

“त्यो हितंच, दुकानात. एवढं दुकान टाकून जातोय कुठं?”

मी आपली काउंटरच्या काचेकडं बघत होते. काचेखाली एक फोटो होता, त्याच्या लेकाचा. मागं पांढरं कापड, केस मागं बसवलेले, दोन्ही कान दिसतायत, तोंडावर हसू नाही. असला फोटो कुणी लग्नाला काढत नाही. मी बघितलं, मी बघितलेलं त्यानं बघितलं, आणि नळ्यांचं एक बंडल उचलून त्या काचेवर ठेवलं. आम्ही निघालो तसा चार पावलं मागं आला आणि हळूच म्हणाला, “मावशी, मनात ठिवू नका. कागद हातात आल्याबिगर तोंडातनं काढायचं न्हाय, असं म्हणतीय पोराची आई. आन् ह्या मॅडम तर थेट इचारत्यात, कुठं म्हणून. असं कुणी इचारतं व्हय?”

परतीच्या एसटीत मी मॅडमला ती रीत सांगितली. तुला सांगायला नको, तू तिच्यातच वाढलीस. पण तिच्या घरात कुणी पाळत नव्हतं म्हणाली. माणूस कामाला बाहेर पडला की त्याला ‘कुठं’ म्हणून विचारू नये. विचारलं की काम होत नाही. अगदीच विचारायचं झालं तर ‘लांबचा पल्ला का?’ एवढंच. माझी सासू तर, निघालेल्या माणसाला कुणी कुठं म्हणून हटकलं की त्याला परत घरात घ्यायची, पाटावर बसवून पाणी पाजायची आणि मग नव्यानं बाहेर काढायची. तुझ्या आजोबांची एकदा त्यात एसटी चुकली. आणि जितकं काम मोठं तितकी त्याची वाच्यता कमी.

“आणि तुझा फॉर्म तर कुठं म्हणतच दारात येतो,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “म्हणजे जे खरंच जाणार आहेत ते नाही म्हणतात?”

“आणि न जाणारे व्हय म्हणतात. तुझ्या टॅबात वरकुट्याचे तिघं दुबईला पोचलेत, आणि पणदऱ्याचा पोरगा जन्मभर नळ्या विकत बसलाय.”

तिला हसू आलं नाही. टॅब मांडीवर ठेवून अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत बसली. उसाच्या ट्रॉल्या समोरून चालल्या होत्या, एसटी त्यांच्या मागं रडत चाललेली. मला तिची दया आली. मी म्हटलं, “हे बघ, ज्याचं त्याला विचारू नकोस. शेजाऱ्याचं विचार. गावातली माणसं बाहेर जातात ती का जात असतील, असं विचार. शेजाऱ्याचं म्हणून आपल्या मनातलं बोलायला कुणी भीत नाही.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. वरच्यांना फोन करून तिनं परवानगी घेतली आणि फॉर्मच्या शेवटी तो एक प्रश्न वाढवला. अशी विचारायची पद्धत त्यांच्या पुस्तकात आहे म्हणाली. मी म्हटलं, असेल, आमच्यात ती धुण्याच्या दगडावर आहे.

आणि मग काय बोलायला लागली माणसं. आधी दोन शब्द न बोललेला एक गडी निम्मा तास बोलला, शेजारच्याचं म्हणून. शेजारच्यानं तीनदा भरतीची परीक्षा दिली, तिन्ही वेळा काहीतरी होऊन राहिली, आता चौकात बसला की लोक त्याला ‘साहेब’ म्हणून हाक मारतात आणि हसतात. तो ते ‘साहेब’ ऐकू येणार नाही इतक्या लांब जाणार आहे म्हणे. एका सुनेनं सांगितलं की पलीकडच्या घरची सून जाईन म्हणते, कारण तिकडं खोलीच्या दाराला आतून कडी लावता येते. हे मला मॅडमनं नंतर सांगितलं, नाव न घेता. मी त्या दिवशी घरी आले आणि आपल्या घरातल्या कड्या मोजल्या. एक मोरीला आणि एक देवघराला.

मॅडमच्या टॅबात कारणांचे चौकोन होते. नोकरी, शिक्षण, लग्न, नातेवाईक, आणि शेवटी ‘इतर’. म्हणाली, आजी, सगळं गाव इतरमध्ये जाऊन बसायला लागलंय.

आणि मग टॅबनं आपलं घर काढलं.

मी पदर सावरून बसले, म्हटलं आता माझी पाळी. तर नाव तुझं. तू बारामतीला, हॉस्पिटलच्या क्वार्टरवर. मी म्हटलं, “लिही की न्हाय म्हणून. आमची कुठं जातीय! तिचं तर जमलंय.”

“आजी,” मॅडम म्हणाली, “ज्याचं त्यालाच विचारायचं, हे तुम्हीच घरोघर सांगता ना?”

“ते दुसऱ्याच्या घरात गं.”

मी हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही. रविवारी तू येणार म्हणून कळल्यावर ती रविवारी परत आली.

जमलंय म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. बारामतीजवळचं स्थळ, मुलगा सरकारी नोकरीत, घर चांगलं. आपल्याकडून होकार गेला होता. तो होकार माझा होता. तुझा बाप म्हणाला होता, एकदा पोरीला विचारू. मी म्हणाले होते, तिला काय विचारायचं, ती माझ्या शब्दाबाहेर नाही. आता लिहिताना मला ती ओसरीवर पाय पसरून बसलेली सासू आठवतेय. तिला काय इचारताय, तिला काय कळतंय. तेव्हा नाही आठवली.

रविवारी तू ओसरीवर बसलीस, समोर मॅडम, आणि मी मध्ये सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मॅडमनं माझ्याकडं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग हसत म्हणाली, “आजी, गाय दाखवायची होती ना कुणाला तरी?”

मी म्हणाले, “गाय चरायला गेलीय.”

आपली जर्सी जन्मात कधी चरायला गेलीय? समोर गोठ्यात रवंथ करत उभी होती, आपल्या तिघींना दिसत होती. पण मी उठले नाही. पंधरा दिवस दुसऱ्यांच्या सासवा उठवत हिंडले, आणि माझ्या ओसरीवरून मला उठवेना. माझीच पोर, मी कशाला उठू, असं काहीतरी मनात होतं. आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते मी बघितलं नाही.

“परदेशात जायचा विचार आहे का?”

तू माझ्या हातांकडं बघितलंस. तोंडाकडं नाही, हातांकडं. “नाही.”

“पासपोर्ट काढलाय?”

“नाही.”

“जायचंच झालं तर कुठं जावंसं वाटेल?”

“कुठंच नाही.”

मी एक शेंग फोडली. बरं वाटलं मला. आणि मग तिनं तो शेवटचा प्रश्न विचारला, मीच तिला शिकवलेला. गावाकडच्या मुली बाहेर जातात, त्या का जात असतील?

मग जे बोललीस ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. तुला वाटलं असेल म्हातारी शेंगांत गुंतलीय.

“घरची वाईट असतात म्हणून नाही जात, मॅडम. वाईट असती तर भांडून इथंच राहिल्या असत्या. घरची चांगली असतात. जेवायला थांबतात, एसटी चुकली तर गाडी घेऊन स्टँडवर येतात. आणि सगळं ठरवून ठेवतात. चांगल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? त्यापेक्षा लांब जाणं सोपं. आता एखादी असेल, तिला वॉर्डात सगळे विचारतात. सिस्टर, गोळी आत्ता घेऊ का नंतर, सिस्टर, घरी कधी सोडतील. ती सांगते आणि ते ऐकतात. मग ती सुट्टीला घरी येते आणि तिला कळतं की तिचं लग्न ठरलंय. तिला वाटतं, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथं निदान आपल्याला विचारून तरी करतील.”

“मैत्रीण आहे का तुझी कुणी अशी?” मॅडमनं विचारलं.

“हो,” तू म्हणालीस. “एक आहे.”

त्या दिवशी शेंगा फोडून झाल्यावर तुझ्या आईनं मला विचारलं, आई, हे काय केलंत? मी दाणे टरफलांत टाकले होते आणि टरफलं दाण्यांत.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. तू सुट्टीला आलीस की कानात त्या वायरी घालून गोठा झाडायचीस आणि काहीतरी पुटपुटायचीस. मला आधी वाटायचं कुणा पोराशी बोलतेस. एकदा विचारलंही होतं, कुणाशी बोलतेस गं? तू म्हणाली होतीस, गायीशी. मग गायीला जर्मन येत असणार आता, तुझ्याइतकंच. आणि तुझ्या पिशवीत डबा ठेवताना मला तो फोटो दिसला. मागं पांढरं कापड, केस मागं बसवलेले, दोन्ही कान, हसू नाही. मी डबा त्याच्यावर ठेवला, पणदऱ्याच्या दुकानदारानं नळ्यांचं बंडल ठेवलं होतं तसा.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. ते स्थळ मोडलं ते त्यांच्याकडून नाही. मी मोडलं. मध्यस्थाला फोन करून सांगितलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी कुणाला दाखवलीही नव्हती. घरात सांगितलं, त्यांच्याकडून नकार आला. तुझा बाप दोन दिवस धड जेवला नाही. तू त्या आठवड्यात फोनवर किती हलकी बोलत होतीस, मी ऐकत होते. मला वाटलं, झालं, मी माझी चूक निस्तरली. पण बघ, तेव्हाही मी तुला विचारलं नाहीच. लग्न ठरवलं तेही मीच, मोडलं तेही मीच. चांगल्या माणसांची खोड अशी जात नाही, बाई.

मग तुझे जर्मनीचे कागद आले. तू घरात सांगितलंस आणि आठ दिवसांत निघालीस. आई रडून रडून थकली, बाप बॅगांची वजनं करत बसला, कारण त्याला रडता येत नव्हतं. तू माझ्या पाया पडलीस आणि उठून तशीच उभी राहिलीस. गाडी सुरू झाली होती, तरी थांबलीस. माझ्या तोंडाकडं बघत होतीस या वेळी, हातांकडं नाही. मला कळलं, गं. मी विचारावं म्हणून थांबली होतीस. आणि मी काय म्हणाले? स्वेटर वर ठेव, हाताला लागेल असा.

निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये. त्या रीतीच्या आड मी लपले. सासूनं शिकवलेली रीत, मला आयुष्यात एवढी उपयोगी कधी पडली नव्हती. खरं सांगू? मी विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि त्यात कुठंतरी माझं नाव आलं असतं. त्याची भीती वाटली. राग म्हणतेस तो हा.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला होता. ज्यांना विचारलं होतं ती माणसं अजून गावातच आहेत का, ते त्यांना बघायचं होतं. वरकुट्याचे तिघं धारा काढतायत, मी सांगितलं. थोरल्याचं लग्न मात्र त्या दुबईवर जमलं. आता सून रोज विचारते दुबईला कधी, आणि सासू म्हणते, आधी शेण काढ. पणदऱ्याचा पोरगा गेला, कतारला. दुकानात बाप एकटाच असतो. परवा माझ्या बहिणीला म्हणत होता, काचेखालचा फोटो काढावासा वाटत न्हाय.

“आणि तुमची नात?” मॅडमनं विचारलं.

“गेली.”

मी म्हटलं, “त्या फॉर्मात तिचं ‘नाही’ खोडून ‘होय’ कर, बाई.”

“आजी, भरलेला फॉर्म बदलता येत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “पण फॉर्मच्या शेवटी माझ्यासाठीही एक प्रश्न असतो. उत्तर देताना शेजारी दुसरं कुणी होतं का. मी त्या दिवशीच लिहिलं होतं तिथं.”

“काय लिहिलंस?”

“होय. आजी.”

तिनं ते दुष्टपणानं सांगितलं नाही. उलट मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं असणार, की तू खोटं बोललीस असं कुणी समजणार नाही. पण फोन ठेवल्यावर मी ओसरीवर तिथंच बसून राहिले, जिथं त्या दिवशी बसले होते. पुण्याच्या कुठल्या तरी कचेरीत एखादा शिकलेला माणूस ती ओळ वाचेल, मान हलवेल आणि पुढच्या घराकडं जाईल. मला त्या ओळीपुढं जाता येईना. आयुष्यभर माझं नाव कुठं कागदावर लागलं असेल तर रेशन कार्डावर आणि अंगणवाडीच्या हजेरीत. आणि आता हे.

म्हणून विचारतेय. उशीर झालाय, पण विचारतेय. का गेलीस? मैत्रिणीचं म्हणून नको, तुझं म्हणून सांग. फोनवर नको. तुझ्या तिथं दुसरी पोरगी राहते खोलीत, आणि इथं तुझी आई दारामागं उभी राहून ऐकते, तिला वाटतं मला कळत नाही. समोर बसून सांग. त्या वेळी तुझ्या बापाला शेतावर पाठवीन, आईला गोठ्यात. मला मात्र उठता येणार नाही, मलाच तर ऐकायचंय. पण हातात सूप घेणार नाही, आणि मध्ये बोलणार नाही. बोलले तर उठून सरळ निघून जा, गाय बघायला.

वरच्या ओळीत मी दिवाळीला ये असं लिहिलं होतं, ते खोडलंय, फोटोत दिसेल तुला. दिवस मी नाही ठरवत. तू ठरव. जाणाऱ्याला कुठं म्हणून विचारू नये, पण येणाऱ्याला कधी म्हणून विचारायला माझ्या सासूचीही ना नव्हती. कधी येतेस? तुझ्या खोलीला आतून कडी बसवून घेतलीय मी, सुताराला बोलावून. लवकर ये गं.